‘आ.’ म्हणजे कोण

सोमवार, ३ मार्च

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनच करणार होते. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, शेजाऱ्यांनी ऐकायचं आणि तुम्ही शेवटी "हो हो, जेवण झालं माझं" म्हणायचं. तुमच्या डाव्या कानाने आता उजव्यालाही फितवलंय. आणि विषय असा आहे की शेजाऱ्यांना कळायला नको, तुम्हाला मात्र नीट कळायला हवा.

आम्ही घर बघितलंय. तीन खोल्या, दुसरा मजला. तिसरी खोली माझ्या आईसाठी. खिडकी मोठी आहे, तिला काजं करायला उजेड मिळेल. मालकाला इसार दिला, तो एप्रिलअखेरपर्यंत थांबणार आहे. कर्जाचा अर्ज आम्हा दोघांच्या नावाने. शुक्रवारी बँकेतल्या कर्जवाल्या बाईंनी दोघांचा जुना इतिहास संगणकावर काढला. माझा कोरा निघाला. तुमच्या धाकट्या भावाच्या नावावर मात्र सहा वर्षांपूर्वीचं एक कर्ज! पुढे शेरा, ‘सेटल्ड’.

मी म्हटलं, सेटल म्हणजे मिटलं ना? बाई म्हणाल्या, "मॅडम, मिटवलंय. फेडलेलं नाही." म्हणजे त्या फायनान्स कंपनीने मिळाले तेवढे पैसे घेतले आणि उरलेल्याचा नाद सोडला. आता ते उरलेलं भरून ‘थकबाकी नाही’ असा दाखला आणेपर्यंत आमचा अर्ज जागचा हलणार नाही. उरलेलं म्हणजे माझे चार महिन्यांचे पगार.

घरी येऊन त्याला विचारलं. "जुनं आहे, मिटवलंय मी ते." कशासाठी घेतलं होतंस? "होतं काम." आणि उठला तो थेट स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला. आक्का, नळ गळत नव्हता. आता गळतोय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने नळाच्या वाटेला कशाला जावं?

काल महिन्याचा पहिला रविवार, आई नेहमीसारखी जेवायला आली होती, तिच्यासमोरही विषय काढला. बिचारीचा घास हातातच राहिला. माझ्या काळजीने.

सहा वर्षांपूर्वी आमचं नुकतं ठरलं होतं. तेव्हा हा तुमच्या शब्दाबाहेर नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्हाला माहीत असणारच. काय ते लिहा.

तुमची,
चष्मेवाली


रविवार, ९ मार्च

चि. चष्मेवालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घराचं वाचून आनंद झाला. उत्तरेकडची खिडकी असेल तर पडदा जाड घे, थंडीत वारा येतो.

कर्जाचं म्हणशील, तर अगं, तरुणपणी माणूस घेतो काही इकडे तिकडे. धाकटा व्यसनी नाही, जुगारी नाही, हे तुला पाच वर्षांत कळलंच असेल. उरलेलं भरा, दाखला आणा आणि मोकळे व्हा. कशासाठी घेतलं आणि का घेतलं, हे खोदून काय मिळणार? मिटलेलं उकरू नये.

माझ्या वसतिगृहात एकशे वीस मुली आहेत. रोज रात्री उशिरा येण्याची कारणं ऐकते. त्यातून एवढंच शिकले की प्रत्येक कारण विचारायचं नसतं.

आणि एक. तुझ्या आईंना यात ओढू नकोस. त्यांच्यासमोर पुन्हा विषय काढू नकोस, माझ्या गळ्याची शपथ.

माझा कान बरा आहे. कोणी सांगितलं तुला उजवा गेला म्हणून?

तुझी,
आक्का


शुक्रवार, १४ मार्च

ती. आक्का,
नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पडद्याविषयी चार शब्द, कर्जाविषयी शून्य. वर माझ्या आईला सांगू नकोस म्हणून शपथ! का हो? तिच्यासमोर कोणाची अब्रू जाणार आहे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता मी काय केलं ते सांगते, मग मला नावं ठेवा. तो आंघोळीला गेला तेव्हा त्याची कामाची वही उघडली. तीच, तेलाचे डाग पडलेली. कुठल्या इमारतीत दोर बदलला, कुठे दार अडकलं, सगळं लिहिलेलं. शेवटून उघडली तर एक वेगळंच पान. दर महिन्याच्या पहिल्या रविवारची तारीख, समोर एक आकडा आणि एकच अक्षर: ‘आ.’ चार वर्षं! एक महिना चुकलेला नाही.

आधी वाटलं, बाई असणार. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस आ-वरून सुरू होणारी प्रत्येक बाई तपासली. त्याच्या ऑफिसातली हिशेबनीस, तिसऱ्या मजल्यावरची ती केस मोकळे सोडून लिफ्ट बंद पडल्याची तक्रार करणारी. कोणी बसेना. मग डोक्यात प्रकाश पडला. त्याला आई नाही, तो सात वर्षांचा असताना गेली. मावशी नाही, आत्या नाही. ‘आ’ म्हणायला त्याच्या आयुष्यात उरलं कोण? आक्का!

म्हणजे सहा वर्षांपूर्वी कर्ज तुमच्यासाठी, आणि अजून दर महिन्याला पैसेही तुम्हालाच. तुम्ही त्याला वाढवलंत, मान्य. तुमचा हक्क आहे, तोही मान्य. पण मला सांगून घ्यायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं?

माझी आईही एकटीच होती, आक्का. बाबा गेल्यावर शिंप्यांची काजं करून तिने घर चालवलं. माझ्या कोर्सची फी भरली. कोणापुढे हात पसरला नाही, कोणाचा एक पैसा ठेवला नाही. माणसाने असं राहावं.

तुमची,
(चष्मेवाली म्हणू नका आता)


गुरुवार, २० मार्च

चि. भावजयीस,
आशीर्वाद.

तू शोधून काढलंस तर मग लपवण्यात अर्थ नाही. हो, ते कर्ज माझ्यासाठी होतं. कानाच्या मशीनसाठी. भारीतली घेतली होती, परदेशी. मला लाज वाटत होती म्हणून धाकट्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. दर महिन्याचे पैसेही मलाच येतात, मशीनच्या बॅटरीला लागतात.

झालं समाधान? आता माझ्यावर राग धर, त्याच्यावर नको. तो गाढव आहे पण सरळ आहे. अर्ज भर, सही कर, घर घे. एप्रिल जवळ आला.

तुझ्या आईंविषयी लिहिलंस ते वाचलं. त्या खरंच तशाच आहेत. त्यात शंका घेऊ नकोस कधी.

तुझी,
आक्का


सोमवार, २४ मार्च

आक्का,

तुम्ही एकशे वीस मुलींची खोटी कारणं पकडता म्हणे. स्वतःला मात्र एक धड रचता येत नाही!

मशीन? तुमच्या कानात मशीन असती तर मी हे पोस्टाचं तिकीट कशाला चाटलं असतं? मागच्या वेळी आलात तेव्हा चार दिवस मला "उजवीकडून बोल, उजवीकडून बोल" करत घरभर फिरवलंत. आणि बॅटरी! त्या पैशांत ट्रकच्या बॅटऱ्या येतात.

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आक्का. शेजारच्या गाळ्यात कानाची मशीनच विकतात. जाऊन विचारलं. सहा वर्षांपूर्वी चांगली परदेशी मशीन त्या कर्जाच्या चौथ्या हिश्श्यात आली असती. बाकीच्यात काय अख्ख्या वसतिगृहाचे कान दुरुस्त केलेत?

म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोलताय. त्याच्यासाठी, किंवा दुसऱ्या कोणासाठी तरी. आणि आता मला खरीच भीती वाटायला लागली आहे. माणूस आपल्या अंगावर एवढं ओढून घेतो ते साध्यासुध्या गोष्टीसाठी नाही. त्याचं आधी लग्न झालं होतं का? मूल आहे का कुठे? विचारून टाकते.

काल बँकेच्या अर्जावर त्याने सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी टोपण लावून ठेवून दिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो.

वीस वर्षं मी त्याच्याबरोबर कर्ज फेडणार, आणि मला हे माहीत नाही की हा माणूस कोणाला काय देऊन बसलाय. मी सही करणार नाही. इसार बुडला तर बुडू दे. रविवारी आईकडे जाते, काही दिवस तिथेच राहीन म्हणते. निदान तिथे कोणी माझ्यापासून काही लपवत नाही.


शनिवार, २९ मार्च

चष्मेवाली,

हे पत्र उद्या तुझ्या हातात पडावं म्हणून इथल्या एका मुलीच्या वडिलांच्या हाती देते आहे.

आईकडे जाऊ नकोस. आधी त्या फायनान्स कंपनीत जा. जुनी फाईल माग. एकटी जा.

लग्न नाही, मूल नाही, बाई नाही. माझ्या भावाच्या बाबतीत असलं काही पुन्हा लिहिलंस तर कान धरीन. मी शब्द दिलाय म्हणून बोलत नाही. पण तू कागद वाचलास तर त्यात माझा शब्द मोडत नाही.

जाऊन ये. मग लिही.

आक्का


शुक्रवार, ११ एप्रिल

ती. आक्का,
साष्टांग नमस्कार. खरंच साष्टांग, या वेळी अक्षरं वाचवली नाहीत.

आईकडे गेले नाही, त्या कंपनीत गेले. आधी त्याच्याकडून एक अधिकारपत्र हवं होतं, की माझ्या पत्नीला फाईल दाखवावी. त्याला खरं सांगितलं असतं तर नळापाठोपाठ गिझरही गेला असता. म्हणून कोरा कागद पुढे केला, म्हटलं, बँकेला हवाय, खाली सही कर. कोऱ्या कागदावर, आक्का! केली. काय म्हणून विचारलंही नाही. मी छापील अर्जावर करेना, आणि तो कोऱ्यावर करून मोकळा. तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

कंपनीचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर आहे. कारकुनाने तास घालवून फाईल आणली, वर धूळ. म्हणाला, इथेच बसून बघा. पहिलं पान त्याचं, फोटोत मिशीसुद्धा धड नव्हती. दुसऱ्या पानावर खाली साक्षीदाराची सही.

तुम्हाला ठाऊक नसेल, माझी आई सही कशी करते. आपण सगळे अक्षरं लिहितो आणि मग वरून रेघ ओढतो. ती आधी रेघ ओढते. लांबच लांब, पट्टीने ओढल्यासारखी. मग तिला एकेक अक्षर खाली लटकवत जाते, दोरीवर कपडे घालावेत तसं. आणि दर वेळी रेघ उरते. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती उरलेली शेपटी आहे. वर्गातल्या मुली हसायच्या.

नाव वाचायच्या आधी मला ती शेपटी दिसली.

मग वर नजर गेली. कर्जाचं कारण: शिक्षण. कोणाचं: माझं नाव. चष्म्याच्या काचांचा डिप्लोमा, दुसऱ्या वर्षाची फी.

आई मला म्हणाली होती, शिंप्यांनी वर्षभराच्या काजांचे पैसे आगाऊ दिले. मी विश्वास ठेवला. कुठला शिंपी काजांचे एवढे पैसे आगाऊ देतो, हा प्रश्न मला सहा वर्षांत पडला नाही. नवऱ्याच्या वहीतलं एक अक्षर मात्र मला दोन रात्री झोपू देत नव्हतं.

आणि ते अक्षर! महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला कोण येतं? मीच तुम्हाला लिहिलं होतं. त्याला आई नाही म्हणून मी ठासून लिहिलं, आणि तो माझ्या आईला पाच वर्षं "आई" म्हणतोय ते माझ्या कानावरून गेलं. बहिरं कोण, आक्का?

घरी आले. तो आला, हात धुतले, बसला. कारकुनाकडून मागून आणलेली त्या पानाची प्रत मी त्याच्यासमोर ठेवली. त्याने पाहिली. मला वाटलं, आता ओरडेल, की माझ्यावर पाळत ठेवलीस. पहिलं वाक्य काय बोलला सांगू? "आईंना सांगू नकोस."

मग हळूहळू सगळं निघालं. फी भरायची शेवटची तारीख होती, आई त्याच्याकडे गेली होती, माझं शिक्षण सुटेल म्हणून रडली होती. मला कळलं तर मी उद्याच कोर्स सोडेन, म्हणून तिने त्याच्याकडून वचन घेतलं. पुढे तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला, पाय मोडला, सहा महिने पगार नाही. तुम्ही त्याची सेवा करत होतात आणि मी भेटायला येऊन फळं खात बसायचे. तेव्हाच हप्ते थकले. कंपनीचा माणूस म्हणाला, एवढे द्या, मिटवून टाकू. त्याला वाटलं मिटलं म्हणजे मिटलं. आपल्याकडे भांडण मिटतं, डोळे मिटतात, तसं कर्जही मिटत असेल!

आईलाही त्याने सांगितलं, मिटलं. पण ती ऐकते थोडीच. दर पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरात असले की त्याच्या हातात काजांचे पैसे कोंबते. म्हणते, मी घेतलं, मी फेडणार. त्याने ते कधी खर्च केले नाहीत. तिच्या नावाने वेगळं पासबुक आहे, सगळे त्यात. मी त्या आकड्यांना त्याचं देणं समजले, ते येणं होतं.

तुम्हाला मी काय काय लिहिलं! आणि तुम्ही ते गिळून वर मशीनची थाप मारलीत. मला रागवा, चांगलं चार पानी रागवा.

तुमची,
(काय म्हणायचं ते म्हणा)


गुरुवार, १७ एप्रिल

चि. चष्मेवालीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

चार पानं रागवायला माझ्याकडे वेळ नाही, मुलींच्या परीक्षा आहेत. एका ओळीत रागावते: काखेत कळसा, आणि वळसा थेट माझ्या वसतिगृहापर्यंत! जगाला नीट दिसावं म्हणून काचा घासतेस, एखादी स्वतःलाही लाव.

थाप वाईट होती हे कबूल. पण तुझ्या आईंचं नाव माझ्या तोंडून निघण्यापेक्षा तू मला चोर समजलेली परवडली. मला एक भाऊ आहे, आणि त्यांना एकच मुलगी.

आता कामाचं. उरलेली रक्कम कुठून भरणार? मी थोडे बाजूला टाकलेत. मशीनसाठीच टाकलेत, म्हणजे बघ, अगदीच खोटं नव्हतं! ते पाठवते. नाही म्हणू नकोस.

तुझी,
आक्का


सोमवार, २ जून

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

तुमचे पैसे परत पाठवलेत, मिळाले असतील. या घराण्यात एकमेकांना नकळत पैसे द्यायचा रोग पसरलाय, तो आता इथेच थांबवायचा. शेजारच्या गाळेवाल्याशी बोलून ठेवलंय, पुढच्या महिन्यात या आणि मशीन लावून जा. मग बघू फोनवर काय काय ऐकू येत नाही ते.

उरलेलं कर्ज आम्ही भरलं. रंगाचे आणि कपाटांचे बाजूला ठेवलेले त्यात गेले. भिंती आहेत तशाच राहतील, मालकाची जुनी कपाटं आम्ही ठेवून घेतली आणि त्या बदल्यात तो महिनाभर जास्त थांबला. दाखला मिळाला. बँकेच्या बाईंनी पुन्हा संगणकावर बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर. फेडलेलं." त्या एका शब्दासाठी मी तीन महिने घरात पोलीसगिरी केली. दोघांच्या सह्या झाल्या. मी माझी करताना आधी रेघ ओढून बघितली. जमत नाही हो, अक्षरं रेघेला धरतच नाहीत.

आईला काही सांगितलं नाही.

काल पहिला रविवार. आई आली, हातात काजांची पिशवी. जेवणं झाली, ती सुई ओवत बसली. मान वर न करता म्हणाली, "घराचं झालं म्हणे. बँकवाले फार खोदतात असं ऐकलंय. काही जुनं-बिनं निघालं का?"

आक्का, मी ती मुलगी, जिला खोटं बोललेलं खपत नाही. तुम्हाला पानं भरभरून मी तेच लिहिलं होतं. म्हटलं, "छे गं! काय निघायचंय. एक होतं त्याचं कुठलंसं, पण ते मिटलेलं होतं."

"मिटलेलं ना?" म्हणाली.

"मिटलेलं."

तिची सुई थांबली होती, ती पुन्हा चालू लागली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. तिला कळलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. माझ्या आईच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येतं, असं आता मी म्हणणार नाही.

मी एरवी भांडी घासायला स्वयंपाकघरात जाते. पण तिथून बाहेरच्या खोलीतलं सगळं दिसतं, तिला दर वेळी माझी पाठ वळायची वाट बघावी लागत असेल. म्हणून मी पिशवी उचलली, म्हटलं, भाजी संपलीय, आणते. तुमच्या धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, कारण टोपली भरलेली होती आणि ते त्याला माहीत होतं. मी चप्पल घातली, दार बाहेरून ओढून घेतलं आणि जिना मुद्दाम सावकाश उतरले, म्हणजे आईला घाई करावी लागू नये.

तुमची,
चष्मेवाली